सुताची लड

३ नोव्हेंबर १९५३, उमरेड

घसा पुन्हा बसला! ऐन कीर्तनात, हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीत. कोष्टीपुऱ्यातलं कोणी हसलं नाही, पाणी आणून दिलं. देवा, तुझे उपकार.

मध्ये थांबलो तेव्हा नत्थूजीनं नेहमीसारखी सुताची लड गळ्यात घातली. इथं कीर्तनकाराला मध्येच बुक्का लावून हार घालतात. मी ख्रिस्ती, बुक्का घेत नाही म्हटल्यावर फार वर्षांपूर्वी यानंच ही तोड काढली. स्वतःच्या मागावरचं सूत! माणूस सोन्यासारखा, पण जीभ! "मास्तर, मेंढरू काहून म्हणता? आमच्याकडे कोणापाशी मेंढरं आहेत? धोटा हरवला म्हणा. धोट्याबिगर आडवं सूत जात नाही, माग बंद, घर उपाशी. मंग पाहा बाया कशा रडतात!"

मी तडकलो. शास्त्र आहे, बदलायचं नाही! तो हसला, "बरं, राह्यलं." बाप्तिस्म्याचं तर त्याच्यापुढे बोलायची सोयच नाही.

९ नोव्हेंबर, नागपूर

डॉक्टर म्हणाले, घशात गाठ आहे, कापावी लागेल. जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही.

आवाज गेला तर मी कोण? खेड्याखेड्यांत उभं राहायचं आणि गायचं, एवढंच येतं मला. भीती वाटते. लिहून टाकलं — भीती वाटते!

१० नोव्हेंबर

पुष्पलता म्हणाली, "मले नवरा पाहिजे, गवई नाही." बायको दिलीस ती ही, प्रभू. आभार.

३० नोव्हेंबर

जीव वाचला. आवाज गेला. परत येणार नाही म्हणतात.

पाटीवर लिहून पुष्पलतेशी बोलतो. आज मी ती पाटी भिंतीवर आपटली. तुकडे मीच उचलले. तिनं मऊ भात वाढला. घास उतरला, दुखलं नाही. तेवढ्याचेही आभार.

मिशनवाले भले. पुस्तकांच्या दुकानात बसा म्हणाले. बसेन.

२३ डिसेंबर, उमरेड

छोट्या गाडीनं पुष्पलतेसोबत कोष्टीपुऱ्याचा निरोप घ्यायला आलो. पाहतो तर सतरंजी अंथरलेली, माणसं बसलेली — नाताळचं कीर्तन दरवर्षी ठरलेलंच! पुष्पलतेनं कसंबसं सांगितलं. नत्थूजी माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "लोक बसून राहिले ना, मास्तर. असे कसे परत धाडता?" आणि स्वतःच उभा राहिला!

गोष्ट माझीच. पण मेंढरू सोडलं, धोटाच घेतला पठ्ठ्यानं! मालक दिवा घेऊन मागाच्या खड्ड्यात उतरला, कोपरा न् कोपरा झाडला, "सापडला गा, सापडला!" म्हणून गल्लीभर ओरडला. बाया डोळे पुसत होत्या. मग माझंच पद गायला. चाल चुकली, शब्द एकही नाही. याला कधी पाठ झालं? मी झांज धरली. रडत होतो, पण ताल सोडला नाही.

पद संपलं, हाराची वेळ आली. लड त्याच्याच खांद्यावर होती, माझ्यासाठी आणलेली. मी ती उचलली आणि त्याच्या गळ्यात घातली.

२४ डिसेंबर

गाडी सुटता सुटता नत्थूजी धावत खिडकीशी आला. "बाप्तिस्म्याचं नाव काढू नका, मास्तर. पण मंगळवारी कीर्तन आहे म्हणून पाचगावले निरोप धाडला. झांज आणजा."