शिळं पाणी

गुरुवार, रात्र

घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून कशीबशी मानपाड्याला पोचले, तर माझी सई दारातच रडत उभी. "आई, आजीने टबातलं पाणी बदललं गं!" तिचे बेडूकमासे मेलेले. एकच उरलाय, मागचे पाय फुटलेला.

शिळं पाणी घरात ठेवायचं नाही, ही सासूबाईंची रोजची शिस्त. हंडा-कळशीबरोबर आज टबही घासला, नळाचं ताजं पाणी भरलं. "मला वाटलं, त्यांनाही ताजंच बरं," एवढंच म्हणाल्या. जेवल्या नाहीत.

चिडायचं कोणावर? आणि त्राण कुठंय? नळाच्या पाण्यातलं क्लोरीनचं औषध उडायला ते दिवसभर उघडं ठेवावं लागतं, एवढं सांगितलं त्यांना. उरलेल्याला कुंडीखालच्या ताटलीतल्या हिरवट पाण्यात सोडलंय. शेवाळ खाईल. एक दगडही तिरका ठेवलाय, पुढचे पाय आले की हवेसाठी वर चढायला लागेल. चढेल का? मागचे पाय हलतायत अजून.

आत्ता भांडी घासायला गेले, तर ओट्याखाली बादली भरलेली, उघडीच. ओतून टाकणार, तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "असू दे गं. शिळं होऊ दे."