आया न्हायला बसल्या

वरची वाडी, कामशेत
बुधवार, ६ ऑगस्ट

सारिकाताईंना माधवीचा वाकून नमस्कार, आणि अमृतच्या दोन्ही गालांचे पापे.

इकडे सगळं बरं आहे. भात लावून झाला. कपिला व्यायली, कालवड झाली. आबांचा खोकला होता तिथेच आहे, पण बिडी सोडा म्हटलं की मलाच चार शब्द ऐकवतात. ओंकारचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि तो दिवसभर पलंगावर पडून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो, असं मी लिहिणार होते. पण तो नावंही ठेवत नाही. ते पुढे सांगते.

तुम्ही म्हणाल, हिला फोन दिलाय तो काय हार घालायला? ताई, फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही मध्येच ‘हो का गं’ म्हणता आणि मी कुठे होते ते विसरते. शिवाय रेंज फक्त अंगणात, आणि अंगणात आबा. म्हणून हे पत्र वाडीतल्या आकाशच्या हाती देतेय. तो तळेगावला कंपनीत जाताना वराळ्याला तुमच्या सोसायटीच्या गेटवर देईल. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय, उघडलेलं दिसलं तर त्यालाच धरा.

शनिवारी तुम्ही राखीला येणार. आल्या आल्या अमृतला कडेवर घेऊन ओढ्यावर आपल्या साती आसरांची, आयांची, ओटी भरायला जाणार, तेही मला माहीत आहे. त्याच्या आत हे वाचून व्हायला हवं. तिथे तुम्हाला एक दिसेल, वाडीतली माणसं दुसरंच सांगतील, आणि ते ऐकून तुम्ही पोराला छातीशी धरून रडत बसाल. तसं होऊ नये एवढ्यासाठी लिहितेय. जरा दमानं घ्या, कारण माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही.

यंदा धबधब्यावर गर्दी विचारू नका. आपल्या खालच्या वावरात शनिवार-रविवार गाड्याच गाड्या. पिठलं-भाकरीला बसायला जागा नाही म्हणून गोठ्यापुढे ताडपत्री बांधली. एक बाई धबधब्याखाली उभी राहिली आणि केस भिजू नयेत म्हणून डोक्याला पिशवी बांधून! मी आणि शेजारची भागुबाई हसून हसून बेजार. ओंकार मात्र कुणाला हसत नाही. ‘पाव्हनं हायेत, त्यास्नी काय म्हाईत,’ म्हणतो आणि लाइफ जॅकेटं वाटत सुटतो.

तुम्हाला मी फोनवर सांगितलं की ओंकार शेवाळावर घसरला. ते खरं नाही. म्हणजे घसरला, पण एवढंच नाही.

तुम्ही त्या ओढ्यात वाढलात, तुम्हाला आसरांचं मी काय सांगणार? पण मी तळेगावची, मला सगळं शिकवावं लागलं. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात मी धुणं घेऊन डोहाकडे निघाले, तर भागुबाईने माझा दंड धरून मागे ओढलं. डोहाच्या काठी खडकाच्या खोबणीत शेंदूर लावलेले सात तांदळे, माझ्या नजरेला नुसते गोटे, होते आणि पाणी त्यांच्या बुडाला नुकतं लागत होतं. ती म्हणाली, “आया न्हायला बसल्यात, दिसत न्हाई व्हय? बाईमानूस न्हातंय तितं कुनी जातं का? त्या उठंस्तवर वड्यात पाय घालायचा न्हाई.” मला ते इतकं आवडलं होतं! माहेरी सगळ्यांना सांगत सुटले होते. वाडीत कुणी पाणी मोजत नाही, कुणी धोका-बिका म्हणत नाही. आया बसल्या की बसल्या. पोरंसुद्धा माघारी फिरतात.

तर यंदा जून गेला, जुलै निम्मा गेला, आणि आया काही न्हायला बसेनात. भागुबाई रोज सकाळी बघून यायची आणि आपल्या पडवीत टेकत म्हणायची, “पाऊसच कमी हाय गं औंदा. कुक्कू कोरडं ठाक.” इकडे धरण भरत आलं म्हणून टीव्हीवर दाखवत होते, आबा ते बघत होते, आणि भागुबाईला मानही डोलवत होते. मीही डोलवत होते. ताई, आमच्या कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही.

ओंकार पडला त्या रविवारी पुण्याच्या एका ऑफिसची मंडळी आली होती. ओंकारने नेहमीसारखं वरून आसरांकडे बघितलं. कोरड्या. मग सगळ्यांना घेऊन खाली उतरला. डोहाच्या तोंडाशी एका मुलीचा पाय सुटला. ओंकारने तिला ढकलून खडकावर चढवलं आणि स्वतः गेला. मी वर भजी तळत होते. आरडाओरडा ऐकून धावले तर पाण्यात नुसतं त्याचं नारिंगी जॅकेट फिरताना दिसलं, रिकामं. पाव्हण्यांना कमी पडलं तर पटकन काढून देता यावं म्हणून त्याने ते बंद न लावता नुसतं अडकवलं होतं. आबा काठावर उभे राहून हाका मारत होते, आणि भागुबाई त्यांना ओरडत होती, “रखमाजी, खाली पळ, खाली!” खालच्या उंबराच्या मुळांत तो अडकला होता. तंबूचे दोर टाकून पोरांनी ओढून काढला.

मधला तेवढा वेळ मी विधवा होते, ताई. दुसरं काही मला वाटलंच नव्हतं. हे आईला सांगितलं नाही, ओंकारला तर नाहीच. तुम्हाला सांगायचं नव्हतं कारण तुमचं दूध आटेल म्हणाल्या होत्या आपल्या काकी.

तेव्हापासून तो वाशांकडे बघत पडून आहे. जेवण ठेवलं तर दोन घास खातो. एकच बोलतो, “म्या बगितलं हुतं गं. कुक्कू कोरडं हुतं.” त्याला वाटतं, आपली नजर गेली. नाहीतर आयांनीच फसवलं. आबा म्हणतात, पब्लिक तिथे बिर्याणी खातं म्हणून कोप झाला. भागुबाईकडे तर दिवसाला एक नवं कारण असतं. मी सगळ्यांना हो म्हणत होते.

मग एके दिवशी राहिलेले दोर आणायला मी खाली गेले. वर तुमचा नवा ओटा, पांढऱ्या फरशांचा, त्यावर आया बसलेल्या, झेंडू तसाच, कुंकू तसंच. आणि खाली, जिथे त्या पूर्वी बसायच्या, ती खोबण पाण्यात कोपरभर बुडालेली. पाण्यातून जुना शेंदूर लाल दिसत होता. मी बघतच राहिले. आपण चैत्रात आयांना एवढ्या वर बसवलं की पाणी त्यांच्यापर्यंत पोचेचना. ओंकारची नजर शाबूत होती. तो बघत होता त्या आया तेवढ्या जागेवर नव्हत्या.

आता हे मी कुणाला सांगू? तुम्हीच सांगा.

तो नवस तुम्ही माझ्यासमोर बोललात. दुसऱ्या वेळीही पोट रिकामं झालं तेव्हा दवाखान्यातून तुम्हाला मीच आणलं होतं. घरी न जाता तुम्ही डोहाशी जाऊन बसलात आणि म्हणालात, मूल दिलंत तर तुम्हाला पाण्याचिखलातून उचलून फरशीवर बसवीन. आणि अमृत झाला. ओटा ओंकारने स्वतः बांधला, गवंडीसुद्धा लावला नाही. कडेला निळी नक्षी मी निवडली. त्या दिवशी तुम्ही त्या पोराला ओट्यावर घातलंत तेव्हा आबा रडले होते. त्या ओट्यामुळे हे झालं, असं मी कुणाच्या तोंडावर म्हणू?

आधी वाटलं, खोबणीजवळ लाल रंगाचा पट्टा मारू, झालं. पण पट्ट्याला कोण विचारतं? फाट्यावर धोक्याचा बोर्ड आहे, लोक त्याला टेकून फोटो काढतात. आणि आपली माणसं तरी? न्हाणाऱ्या बाईची लाज असते, पट्ट्याची कसली असणार? पंधरा ऑगस्टला शुक्रवार, सलग सुट्ट्या, आकाशच्या मित्रांनी आत्तापासून गट घेऊन ठेवलेत. कोरडं कुंकू बघून ते पोरांना खाली नेणार.

म्हणून सोमवारी दुपारी मी गेले. पाऊस उघडला होता, पाणी उतरलं होतं, सगळे शेतावर. एकेक तांदळा पदरात घेऊन खाली आणला आणि जुन्या खोबणीत आया, पूर्वी होत्या तशा, मोठी मधोमध ठेवून मांडल्या. प्रत्येकीला म्हटलं, राग आला तर माझ्यावर काढा, त्या लेकराकडे बघू नका. घरी आले आणि तुम्हाला फोन लावला. मग परत लावला. मग परत. ‘अमृत काय करतोय’ म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, दात येतायत, किरकिरतोय, अंग कोमट लागतंय. मी ‘ताप तर नाही ना’ म्हणून तीनदा विचारलं. तुम्ही हसून म्हणालात, मामीला फारच आठवण येतेय. रात्री परत कळलं की तो खेळतोय, तेव्हा मी घोटभर पाणी प्यायले.

मी बी.कॉम. झालेली बाई, मला वाटायचं मी असलं काही मानत नाही. मानत नाही तर परत परत फोन का लावला? आणि मानते तर उचलल्या कशा? दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. एक बाजू नीट लावावी तर दुसरी ढासळते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला फोनवरच धीर करून सांगितलं असतं. पण काल सकाळी भागुबाई फुलं घेऊन गेली आणि ओरडतच वर आली, “आया उतरल्या! आपल्या पायानं उतरल्या! वट्यावर करमलं न्हाई त्यास्नी!” सगळी वाडी पळाली. आबांनी नारळ फोडला, नवा शेंदूर लावला. मी हातात उलथनं घेऊन उभी. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आबांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, ‘चहा ठेवू का?’

आणि आज पहाटेपासून धो धो. उजाडल्यावर आबा बघून आले आणि दारातूनच म्हणाले, “बसल्या.” पलंगावरून ओंकार म्हणाला, “काय? न्हायला?” आबा म्हणाले, “व्हय. पार मांडीपतूर पानी.” ओंकारने तोंडावर पांघरूण घेतलं. मला वाटलं झोपला, तर खांदे हलत होते. मग उठून बसला आणि दोन भाकरी खाल्ल्या, माझ्या कालवणात मीठ कमी आहे म्हणाला. ताई, मीठ कमी म्हणाला! गाड्या आल्या होत्या दोन-तीन. आबा छत्री घेऊन वाटेत उभे राहिले, “आया न्हायला बसल्यात, माघारी फिरा.” त्या मंडळींना काही कळलं नाही. एकाने रस्ता खचलाय का विचारलं. पण फिरली, आणि आपल्या पडवीत भजी खात बसली. ओढ्यात आज कुणीच उतरलं नाही.

मी खूश व्हायचं की नाही? होतेच होते. तेवढ्यात भागुबाई चुलीपाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “सारिकाचा नवस फिरवला गं आयांनी. वटा नगं म्हनल्या. पोराला जपाय सांग तिला.”

ताई, हे ती शनिवारी तुम्हाला सांगणार. ती नाही तर दुसरं कुणी. म्हणून आता स्पष्ट लिहिते, दोनदा वाचा. आया आपल्या पायानं उतरल्या नाहीत. तुमचा नवस कुणी फिरवलेला नाही. तुम्ही बोललात तो पुरा केलात, त्यांनी घेतला, अमृत तुमचा आहे. त्यांना मी उतरवलं, या हातांनी, कारण मला माझा नवरा हवा होता.

आता तुम्ही ठरवा. वाडीसमोर खरं सांगायचं असेल तर सांगा, मी आड येणार नाही. मग आया परत ओट्यावर जातील, आणि ओंकारला जे परत मिळालंय ते जाईल. नाही सांगितलंत, तर बायका तुमच्या लेकराविषयी तुमच्या तोंडावर वाटेल ते बोलतील आणि तुम्हाला ते मुकाट ऐकून घ्यावं लागेल. एका आईकडे हे मागायचं म्हणजे काय, ते मला कळतं. तरी मागावंसं वाटतं. मग वाटतं, मागू नये. पत्र इथपर्यंत आलं तरी माझं ठरलेलं नाही.

या मात्र नक्की. माझ्याशी बोलू नका हवं तर, माझ्या हातचं खाऊ नका. माझ्यावर हवं तेवढं रागवा, ताई. घाबरू तेवढं नका.

ओंकारची बायको आणि अमृतची मामी, दोन्ही एकदमच असल्यामुळे हा सगळा घोळ घातलेली,
तुमची
माधवी