ओल्या कोब्यावरचा रंग

मोखाडा, मंगळवार, १८ नोव्हेंबर

ठाण्याचा तो शहाणा रंगवाला! पांढरे बूट घालून आला आणि माझ्या गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सीचा रंग ओतून गेला. "दहा वर्षं ओरखडा येणार नाही," म्हणे. आज पहिलीच जीप आत घेतली, तर टायरला चिकटून पापुद्राच निघाला. फोन केला तर म्हणतो, "तुमची जमीनच खराब." निर्लज्ज!

रंगाच्या आदल्या दिवशी आमच्या गवंडी जानूकाकांनी कोब्यावर प्लॅस्टिक अंथरून ठेवलं होतं. सकाळी खाली थेंब जमलेले. "ओल हाय, दादा. रंग धरायचा नाय. आठ दिस थांबा." पांढऱ्या बुटांवाला फिदीफिदी हसला. आणि मी? मीही हसलो, काकांच्या तोंडावर.

संध्याकाळी काका आपणहून छिन्नी घेऊन आले. "कुठून खरवडू?" एवढंच विचारलं. मला वर बघवेना.