पैलवानासाठी दोनशे लिटर

कृपाळू परमेश्वराच्या नावाने.

मी, राहेले शीशेबुर, यज्द शहरातल्या नेमतुल्ला काचवाल्यांची मुलगी, वय सव्वीस, मुलींच्या शाळेत जीवशास्त्राची शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती येत्या शनिवारी बदलायची आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मीही फारशी घाबरलेली नाही. पण माझ्यावर एक जीव अवलंबून आहे आणि तो बोलू शकत नाही.

कायद्याने मला मालमत्तेच्या एक तृतीयांश हिश्शाचीच व्यवस्था ठरवता येते. बाकीचे आईबाबांचे. मासा कोणत्या हिश्शात मोजायचा हे कायद्यात सापडले नाही.

१. माझी पुस्तके आणि सूक्ष्मदर्शक शाळेला. ती कुलपात ठेवू नयेत. सूक्ष्मदर्शक फुटला तर फुटला, मुलींनी तो हाताळावा.

२. आत्या सदीगे यांना माझी हिरवी शाल. पदवी मिळाली त्या दिवशी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “चार वर्षं शिकून काय आलं हिला? माशाचं पाणी बदलायला.” आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे उत्तर कसे द्यावे हे मला कोणी शिकवले नव्हते. शाल उबदार आहे. त्यांचे गुडघे दुखतात.

३. आता मासा. सोनमासा, नाव पैलवान, वय साडेचार वर्षे. नवरोजच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, मांडणीसाठी आईने आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता. आमच्याकडे असे मासे तीन लिटरच्या गोल भांड्यात ठेवतात. सणाच्या तेराव्या दिवसापर्यंत बहुतेक मरतात. जे उरतात त्यांना त्या दिवसाच्या सहलीला नेऊन वाहत्या पाण्यात सोडतात आणि पुण्य केले असे समजतात. सोडलेले मासे तिथल्या छोट्या माशांचे अन्न खातात आणि ते उपाशी मरतात. पैलवानाला मी सोडू दिले नाही. पण मीही त्याला आठ महिने त्याच भांड्यात ठेवले, हातात पदवी असताना. सगळे म्हणत, भांड्याएवढाच मासा वाढतो. मी पडताळून पाहिले नाही. मासा त्यात लहान राहत नाही, आजारी राहतो. त्याचे कल्ले लाल झाले तेव्हा मला कळले. ही चूक माझी.

मग बाबांनी काचेच्या उरलेल्या तुकड्यांची चाळीस लिटरची टाकी करून दिली. मीच मागितली होती तेवढी; तेव्हाचा मासा मोजला, पुढचा मोजला नाही. आज तो शेपूट सोडून सतरा सेंटिमीटर आहे आणि वळताना काचेला घासतो.

४. म्हणून टाकी शंभर सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद, पंचेचाळीस उंच हवी. पाणी भरल्यावर वजन अडीचशे किलोच्या घरात जाईल, तेव्हा ती तळमजल्यावर, उन्हापासून दूर ठेवावी. काच दहा मिलिमीटरची लागेल, आणि ती घरात आहे. माझ्या लग्नासाठी जमवून ठेवलेल्या सामानातल्या जेवणाच्या टेबलाची, एकशे ऐंशी बाय शंभर. मी सतरा वर्षांची असताना बाबांनी ती बसवली. भट्टीत घालून कडक केलेली नाही, त्यामुळे कापता येते. पंचेचाळीसच्या चार पट्ट्या निघतात: तीन पूर्ण वापराव्यात, चौथीतून दोन्ही बाजू काढाव्यात. टेबल माझे आहे आणि मी ते पैलवानाला देत आहे. आई, तू रागावशील, हे ठाऊक आहे.

५. पैलवानाला अंगणातल्या हौदात सोडू नये. तिथे मांजरे येतात, आणि थंडीत पाणी गोठते.

६. पुढच्या नवरोजला घरात मासा आणू नये. पाण्याच्या वाडग्यात एक नारिंग ठेवावे, तेही तरंगते.

अंमलबजावणी बाबांकडे.

यज्द, ९ आबान, इराणी सौर सन १४०२
राहेले शीशेबुर

पुरवणी, ११ आबान. अंमलबजावणी करायची म्हणून बाबांना कागद वाचायला दिला. त्यांनी चौथे कलम दोनदा वाचले आणि मोजपट्टी काढली.

“माप बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण काचेची जाडी धरली नाहीस. बाजू दोन सेंटिमीटर कमी कापाव्या लागतील.”

आई दारात उभी होती. “पोरीच्या लग्नाचं टेबल कापणार तुम्ही?”

“तिचं आहे. तिने लिहून दिलंय.”

“मेल्यानंतरसाठी लिहिलंय तिने. आत्ता काय घाई आहे?”

“मासा आत्ता घासतोय,” बाबा म्हणाले. “आणि ती मेल्यानंतर माझा हात चालणार नाही. काच सरळ कापली जाणार नाही.”

मग आई आत आली आणि टेबलावरचे कापड काढून घडी घालू लागली. “नाहीतरी आपण जमिनीवरच बसून जेवतो,” ती म्हणाली. “नऊ वर्षं नुसतं पुसत आले मी ते. धरा त्या बाजूने.”

टाकीचे सांधे सुकायला आठवडा लागेल. सबब कलम चार रद्द समजावे. ती वस्तू आता माझ्या मालमत्तेत नाही.

साक्षीदार:
१. फरखुंदे अर्देकानी, सहशिक्षिका (सही)
२. हाजी ऐनुल्ला मेहरीजी, शेजारी (सही, काच उचलायलाही हजर)

राहेले शीशेबुर (सही)
यज्द, ११ आबान १४०२