एकशे बारा नंबरचा बिल्ला

मिशन दवाखाना, लाखनी
८ जानेवारी १९७८

ती. गं. भा. कौशल्याताईस,
धाकट्या इश्वरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दर दिवाळीला तुला कार्ड टाकतो आणि खुशाली कळव एवढं लिहून मोकळा होतो. आजचं कार्डावर मावणार नाही म्हणून पाकीट आणवलं. मायना लिहितानाच हात अडला. तुझ्या नावामागे सौ. होतं, तिथे गं. भा. आलं ते माझ्यामुळे. नऊ वर्षं हे लिहायचं राहिलं.

इकडची हकीकत अशी की दम फार लागतो. खाणीतली धूळ छातीत बसली, डॉक्टर पुढचं काही बोलत नाहीत. नाताळात मी बाप्तिस्मा घेतला. तू रागावशील, आणि नाव काय ठेवलं म्हणून चिडवशीलही. पाद्रीबाबा केशवराव म्हणाले, इश्वर याहून चांगलं नाव मी कुठून आणू? तेवढाच हसलो.

आता खरं सांगतो. खाणीच्या फाटकावर हजेरी मी घ्यायचो. खाली जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला मला द्यायचा, मी तो फळीवर त्याच्या नंबरच्या खिळ्याला टांगायचा, माणूस वर आला की उतरवून परत करायचा. फळी रिकामी म्हणजे खाली कोणी नाही. मग मी घंटा द्यायची आणि सुरुंग उडायचा. त्या दिवशी भाऊजी बिल्ल्याशिवाय आले. हसून म्हणाले, विसरलो. परत पाठवलं असतं तर खाडा पडला असता. माझ्याच ताईच्या घरचा खाडा मी कसा लावू? जा म्हटलं. संध्याकाळी फळी रिकामी दिसली. भाऊजींचा एकशे बाराचा खिळा सकाळपासूनच रिकामा होता, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी घंटा दिली. दगडाखालून भाऊजी निघालेच नाहीत, आणि ती खाण पुढे बंद झाली.

चौकशीत मी सांगितलं की ते माझी नजर चुकवून आत गेले. बोलू न शकणाऱ्या माणसावर ढकललं.

पाद्रीबाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मनापासून पश्चात्ताप केलास, देवाने क्षमा केली. माझा विश्वास बसला, ताई, खरंच बसला. पण प्रभुभोजनाची भाकर घ्यायची वेळ आली तेव्हा हात पुढे होईना. तेव्हा ते म्हणाले, कोणाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडे जा. म्हणून तुझ्याकडे आलो. मला माफ कर.

सत्यवतीला आशीर्वाद. लोभ उरला असेल तर असू द्यावा.

तुझा अपराधी भाऊ,
इश्वर


नाकाडोंगरी
२६ जानेवारी १९७८

चि. इश्वर यास,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

पाकीट मिळालं. चौथीपर्यंत शिकले ते कामी आलं, नाही तर हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं.

तू नवीन काही सांगितलं नाहीस. बिल्ला माझ्या घरात होता. फाटक एकच, आणि त्यावर तू बसलेला. दर भाऊबीजेला पाट मांडून, ताट लावून ठेवलं, की आज येईल आणि बोलेल. तू कार्डं टाकलीस.

आता लिहितोस, देवाने माफ केलं. मी शुद्ध लिहायला बसले होते, पण राग आला की माझी बोलीच येते. तुह्या देवानं मले इचारलं काय? कुंकू माह्यं गेलं, पोरीचा बाप गेला. शेजारणीच्या बांधीत माही म्हैस शिरली अन् धान खाऊन आली, तं माफी शेजारीण करंल का गावचा पाटील? अन् मी पाटलाले हात जोडून आली, मंग शेजारणीले सांगतली का पाटलानं माफ केलं, तूही कर, तं ते मले काय म्हणंल? एवढी अक्कल तुले कायले नाही आली?

सत्यवती दहाव्या वर्षात आहे. शाळेतल्या पोरी तिला म्हणतात, तुझा बाप चोरून खाणीत शिरला अन् मेला. ती घरी येऊन मला विचारते आणि मी गप्प बसते. तुला माफी पाहिजे, माझ्या पोरीला तिच्या बापाचं नाव परत पाहिजे. आधी इथे ये, माझ्या सासूसमोर तिला खरं सांग. माफीचं मग बघू.

दमावर अडुळशाचा काढा घे, आणि थंड पाणी पिऊ नको. लोभ असावा असं आज लिहवत नाही. तुटला मात्र नाही.

ताई


मिशन दवाखाना, लाखनी
१४ फेब्रुवारी १९७८

ती. कौशल्याताईस इश्वरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दहा पावलं चाललो की बसावं लागतं, नाकाडोंगरीपर्यंतचा प्रवास होणार नाही. म्हणून सोबत दुसरा कागद सत्यवतीच्या नावे आहे. सगळं त्यात लिहिलं, खाली सही केली, पाद्रीबाबांची साक्ष घेतली. गावात हवं त्याला दाखव.

तुझी म्हैस मी पाद्रीबाबांना वाचून दाखवली. तेवढं त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, तुझी बहीण बरोबर बोलते. देव तिला ओलांडून क्षमा करत नाही, तिच्या दारात उभं राहायचं बळ तुला यावं म्हणून करतो. मला हे पटलं, पण सगळं उमगलं असं नाही. डोकं म्हणतं, उडालेला सुरुंग परत भरता येत नाही. मन म्हणतं, तरी दार वाजवून बघ. मी वाजवतो आहे.

भाकर अजून घेतली नाही. रविवारी मागच्या बाकावर बसतो. काढा चालू आहे, कडू लागतो.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
इश्वर


नाकाडोंगरी
२० मार्च १९७८

चि. इश्वर यास,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझा कागद मी अंगणात, सासूबाई रंभाबाई आणि चार शेजाऱ्यांसमोर, सत्यवतीकडूनच मोठ्याने वाचवला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, म्हणजे बाबा चोरून नव्हते गेले, मामाने जा म्हटलं होतं. मग दप्तर घेऊन शाळेत गेली. सासूबाई दिवसभर तोंडाला पदर लावून बसल्या.

आता माझं ऐक. त्या वेळी सत्यवती पाळण्यात होती, दोन दिवस ताप उतरत नव्हता. मी म्हटलं, आज राहा, तिला तुमसरला नेऊ. ते म्हणाले, खाडा पडेल. ते आंघोळीला गेले तेव्हा मी बिल्ला तांदळाच्या मडक्यात लपवला. ते शोधून शोधून तसेच निघाले. मला वाटलं, इश्वर नियमाचा पक्का, बिल्ल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सोडणार नाही. अर्ध्या तासात परत येतील. पोरीला मांडीवर घेऊन मी दाराकडे बघत बसले. मी तुझ्या कडकपणावर विसंबले आणि तू माझ्यासाठी तेवढ्या एका दिवशी कडक झाला नाहीस.

नऊ वर्षं तुझा राग धरून मी उभी राहिले, कारण तो सोडला की माझा मलाच धरावा लागला असता. तुला मी माफ केलं, इश्वर. आता मला कोण करील? ज्याचं गेलं त्यानेच माफ करायचं, हे मीच तुला लिहिलं. ज्याचं गेलं तो तर खाली आहे. तुझा देव अनोळखी बाईचं ऐकून घेतो का ते विचारून ठेव.

सत्यवतीची परीक्षा झाली की दोघी येतो. तोवर जप. माझ्यावर लोभ ठेवशील ना?

तुझी ताई


लाखनी
११ एप्रिल १९७८

श्रीमती कौशल्याबाई यांस,
केशवराव पाद्री यांचा प्रभूमध्ये सलाम.

कळवायला फार दुःख होतं की गुरुवारी, ६ तारखेला सकाळी, आपला भाऊ इश्वर वारला. त्याला आवारातल्या चिंचेजवळ मूठमाती दिली.

आपलं पत्र पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवशी पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावरून उठून पुढे आला आणि भाकर घेतली. ती पहिली आणि शेवटची.

जाण्याआधी दोन दिवस त्याने माझ्याकडून एक निरोप लिहवून घेतला. ताईला लिहा, की भाऊजींना ठाऊक होतं. फाटकावर ते हसत म्हणाले होते, तुझ्या ताईनं बिल्ला लपवला, पोरीपायी जीव घाबरा झाला तिचा. मी काही रागावलो नाही, संध्याकाळी औषध घेऊनच जाईन. निरोप लिहून झाल्यावर मी इश्वरला विचारलं, हे आजवर का सांगितलं नाहीस? तो एवढंच म्हणाला, लिहा. मी काही पदरचं घातलेलं नाही.

आपणांस प्रभू सांत्वन देवो.

केशवराव


नाकाडोंगरी
२० एप्रिल १९७८

पाद्रीबाबांस कौशल्याचा नमस्कार. वि. वि.

आपलं पत्र आलं तेव्हा आमच्या पिशव्या भरून दाराशी होत्या. सत्यवतीने मामासाठी बोरकूट बांधून घेतलं होतं. ते तसंच आहे.

इश्वर पहिल्या पत्रात लिहून गेला आहे की सत्यवतीचे बाबा फाटकावर विसरलो म्हणाले. शेवटी सांगून गेला की लपवल्याचं त्यांना ठाऊक होतं. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही खरे असू शकत नाहीत, एवढी अक्कल मला आहे. तरी शेवटचं मी खरं धरलं. तुमच्यात विश्वास म्हणतात तो हाच की आणखी कुठला, ते तुम्ही जाणा. नऊ वर्षांत रडू आलं नव्हतं, ते आता थांबत नाही.

येत्या रविवारी आम्ही दोघी येतो. एकशे बारा नंबरचा बिल्ला सोबत आणते. इश्वरच्या क्रुसाला एक खिळा मारून ठेवा. त्या दिवशी त्याच्या हातून टांगायचा राहिला, तो आता मी टांगीन. तुमचे लोक म्हणतात की एक दिवस मेलेली माणसं उठून येतील. आमच्यात असं सांगत नाहीत. पण उठलीच, तर इश्वर आधी फळी बघेल. आमचा माणूस अजून खाली आहे हे त्याला दिसलं पाहिजे. त्यांना वर घेतल्याशिवाय या वेळी त्याने घंटा देऊ नये.

सत्यवतीचा नमस्कार. माया असावी.

आपली,
कौशल्या