आवाज नसलेली करवत

पेपरमिंट हिल, ह्युऑन खोरे
९ मे

ती. स्व. थेल्माआत्यास,
मेरिनचा सा. न. वि. वि.

तू बर्नीहून पाठवलेला खोका मंगळवारी पोस्टाच्या गाडीने फाटकाशी ठेवला. बाबांनी तो उचलू नये म्हणून मी धावत गेले, तरी ते आधी पोचले. चांगल्या खांद्यावर खोका घेतला आणि दुसरा खांदा दुखतच नाही असा चेहरा केला. तो चेहरा तू लहानपणापासून पाहिलेला आहेस.

बॅटरीवरची करवत चांगली आहे आणि वेळेवर आली. पेट्रोलच्या करवतीची दोरी ओढणं बाबांच्या खांद्याला आता जमत नाही. यंदाचा लाकडांचा ढीग खिडकीच्या खालच्या कडेलाही टेकलेला नाही. त्याच्याकडे पाहिलं की मला आत्ताच आपल्या जुलैतल्या हिवाळ्याची थंडी वाजते.

मी काळजी फुगवून लिहिते असं तू मागे म्हणालीस, म्हणून आज फक्त पाहिलं तेवढंच लिहिते. मी माहितीपत्रक घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. याच टेबलाशी आईने मला घरच्या घरी शिकवलं, आणि सगळं वाचून झाल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही ही तिची शिस्त होती. बाबा म्हणाले की तुझ्या जन्माआधीपासून मी झाडं कापतोय, एकाही झाडाने अजून माझी परीक्षा घेतलेली नाही. त्यांनी साखळी जिच्यावर फिरते ती लांब पट्टी बसवली, साखळी चढवली. वरच्या बाजूचे दाते टोकाकडे तोंड करून आहेत ना, ते अंगठ्याने चाचपून पाहिलं. साखळी खाली लोंबू नये, पण हाताने ओढली तर सरकावी, इतपत ताणली. हे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा निम्म्या वेळात आणि बरोबर केलं. फक्त बॅटरी आत ठेवून केलं. मी ती आधी काढा म्हटलं, तर म्हणाले, करवत बंद तर आहे.

तेल मात्र घातलं नाही. पेट्रोल लागत नाही म्हणजे तेलही लागत नाही, असा त्यांचा हिशेब. साखळीला तेल हवंच, ती ओळ मी दाखवली. त्यांना चष्माच सापडेना. पहिल्याच ओंडक्यावर धूर निघाला आणि अंगणभर करपलेल्या टोस्टचा वास सुटला. मग त्यांनी मुकाट्याने तेलाची टाकी भरली आणि चहा आहे का म्हणून विचारलं. त्यांची माफी एवढीच असते.

तेलाची मला काळजी नाही. काळजी कानांची आहे. पेट्रोलच्या करवतींनी त्यांचे कान खाल्ले हे तुला ठाऊक आहे, पण गेल्या हिवाळ्यापासून ऐकू येणं फारच कमी झालं आहे. जुनी करवत चालू असली की त्यांच्या कोपरापर्यंत हादरे बसायचे, आणि थांबली की थांबली. ही नवी खटका दाबला की फक्त गुणगुणते, आणि ते गुणगुणणं त्यांना ऐकूच येत नाही. त्यांच्या लेखी ती कायमच बंद असते.

ती काढून घ्यावी, तर तेही धजवत नाही. मागच्या शरदात रस्त्यावर पडलेलं झाड ग्रँटने बाबांच्या आधी जाऊन कापलं. तुला आठवत असेल, तो वरच्या बागेतला, सफरचंदवाला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. शेगडीपाशी बूट घालून बसून राहिले, कुणी बोलवायला येईल म्हणून. करवत त्यांच्या हाती राहिली तर हात जाईल अशी भीती वाटते, आणि काढून घेतली तर बाबाच जातील अशी. मला यातलं काही ठरवता येत नाही, आणि सारखं पाहत राहून मी दमले आहे. तू सांग.

गुडघ्यांना जप. तुझा लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिते, त्याला कंटाळू देऊ नकोस.

तुझी
मेरिन


बर्नी
१६ मे

चि. मेरिन हिस,
थेल्माआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग चष्मा पुसला. तुझ्या बाबाला, एवर्टला, लहानपणी मी पोहायला शिकवत होते तेव्हा बुडत असतानाही तो मला हात करून सांगत होता की सगळं ठीक आहे. त्या माणसाला तू माहितीपत्रक वाचून दाखवतेस. धन्य आहे तुझी.

इथेही सगळं कुरकुरतंच आहे. जिना चढले की अर्ध्यावर उभी राहते आणि शेजारणीला वाटतं मी समुद्र बघतेय. बघू दे तिला.

आता ऐक. पुरुषाच्या हातातून वस्तू ओढून घेऊ नये, तो देईल तोवर थांबावं. थांबायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं असं नाही. बॅटरी तू आपल्या खिशात ठेव. कापायला निघाला की दे, थांबला की परत माग. तो चिडेल. चिडू दे, चिडलेला माणूस निदान शेगडीपाशी बसून राहत नाही.

आणि आणखी एक. सोबत करवतीसाठीची जाड विजार पाठवते आहे. साखळी मांडीवर आली तर आतले धागे तिच्यात गुंततात आणि ती अडते, असं दुकानदार म्हणाला. घालून बघ. माप तुझं आहे. एवर्ट त्यात एक पायसुद्धा घालू शकणार नाही, हे मला दुकानातच माहीत होतं.

नीट जेव. भोपळ्याच्या सूपवर दिवस काढू नकोस. माझी माया नेहमीसारखी आहे, फक्त तिचेही गुडघे दुखतात.

तुझी
आत्या


पेपरमिंट हिल
२ जून

ती. स्व. थेल्माआत्यास,
मेरिनचा सा. न. वि. वि.

विजार मिळाली. मला येते. बाबांनी ती बघितली, माप बघितलं आणि माझ्या कोटाशेजारी टांगली.

बॅटरीचं तू सांगितलंस तसंच केलं. ते मला कारकूनबाई म्हणायला लागले. करवत घेऊन दारात उभे राहायचे आणि विचारायचे की कारकूनबाई, आज खिडकी उघडी आहे की जेवणाची सुट्टी. मला वाटलं, जमलं. ढीग खिडकीच्या वर गेला.

परवा दक्षिणेकडून वादळ आलं आणि शेजारच्या डल्सीकाकूंच्या वाटेवर मोठी निलगिरी मुळांसकट आडवी झाली. काकू एकट्या, गाडी आत अडकलेली, आणि आठवड्याच्या औषधासाठी त्यांना खाली दवाखान्यात जायचं होतं. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. झाडाशी जो पहिला पोचेल तो कापायला लागतो, मागून आलेले फांद्या ओढतात. उजाडताच बाबांनी बॅटरी मागितली आणि आम्ही पहिले पोचलो. त्यांची चाल मला बऱ्याच दिवसांनी जुनी वाटली.

मग ग्रँट त्याची पेट्रोलची करवत घेऊन आला, आणखी दोघं-तिघं आले. आमची करवत बघून ग्रँटने विचारलं की एवर्टकाका, पडदे शिवायला आणलीय का. बाबांना ऐकू आलं नाही, पण लोकांचे चेहरे त्यांना वाचता येतात. त्यांनी उत्तर दिलं की ग्रँट, तुझ्या पँटची शिवण बघता हीच आणायला हवी होती. सगळे हसले, ग्रँटही.

बाबांनी फांद्या उत्तम कापल्या. पाय रोवून, दोन्ही हातांनी, पट्टीचं टोक कुठे टेकू न देता, उताराच्या वरच्या अंगाला उभं राहून. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते निष्काळजीपणाने झालं नाही.

निलगिरीच्या सालीचे धागे पट्टीच्या खाचेत भरले आणि साखळी अडली. बाबांनी करवत गुडघ्यावर टेकवली, डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि बोटांनी साल उपसायला लागले. बॅटरी आत होती. उजवा हात नेहमीसारखा मुठीवर, बोट नेहमीसारखं खटक्यावर. जुन्या करवतीशी ते आयुष्यभर असंच करत आले. हादरा थांबला, म्हणजे इंजिन मेलं, म्हणजे बोटं घालायला हरकत नाही.

मी त्यांच्या मागे होते. ग्रँटची करवत चालू होती, आणि नसती तरी माझी हाक त्यांना पोचली नसती. कापणाऱ्या माणसाला मागून हात लावायचा नाही, हे त्यांनी मला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं आहे. दचकला की मूठ आवळली जाते. म्हणून मी वळसा घेतला. झाडाच्या शेंड्याकडून, फांद्यांमधून, काकूंच्या कुंपणावरून. धावलेसुद्धा नाही. पडले असते तर डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसून ते दचकले असते. तेवढा सगळा वेळ त्यांची बोटं साखळीवर होती आणि मी चालत होते. आत्या, इतकं हळू मी कधी चालले नाही.

समोर जाऊन मी दोन्ही हात वर केले. त्यांना वाटलं झाड हलतंय. त्यांनी आधी खोडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मी जिथे पाहत होते तिथे.

ते दचकले नाहीत. आधी साखळीवरची बोटं काढली, मग खटक्यावरचं बोट. करवत जमिनीवर ठेवली, बॅटरी उपसली आणि माझ्याकडे चालत येऊन माझ्या हातात दिली. ग्रँटने त्याची करवत तेवढ्यात बंद केली होती. बाबांना स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून ते मोठ्याने बोलतात, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

“ही चालू आहे की बंद, मला कळत नाही, मेरिन. तू काप. मी समोर उभा राहतो.”

ग्रँट त्याच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का ते बघत बसला.

विजार मी घालूनच गेले होते. साल साफ करून साखळी पुन्हा ताणली, साखळीचा ब्रेक पुढे-मागे करून पाहिला, तेल पाहिलं. मग कापलं. वाईट कापलं. बाबा माझ्या समोर, फांदीच्या पल्ल्याबाहेर उभे होते. पंजा दाखवला की थांबायचं, मान हलवली की कापायचं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी होतं, तेव्हा वरून थोडंच आणि उरलेलं खालून, हे त्यांनी हातानेच दाखवलं. नाहीतर पट्टी चिमटली असती. मुळांच्या टोकाकडे त्यांनी मला फिरकू दिलं नाही. खोड सुटलं की मुळांचा गड्डा एकदम उभा राहू शकतो. ते काम त्यांनी ग्रँटला सांगितलं आणि ग्रँटने ऐकलं. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. काकूंनी सूपचा पहिला वाडगा बाबांनाच दिला.

माझे दंड इतके थरथरतात की हे अक्षर बघच. मला हवं होतं तेच झालं, आणि आनंद झाला नाही. घरी आल्यापासून ते गप्प आहेत. करवत त्यांनी आपणहून दिली असं मी म्हणते, पण सगळ्यांदेखत समोर हात वर करून उभी मीच राहिले होते. मी ती घेतली नाही ना? उरलेली निलगिरी काकूंनी आपल्याला दिली आहे. ती पुढचे कितीतरी दिवस मलाच कापायची आहे.

लोभ असू दे. मला सध्या त्याची गरज आहे.

तुझी
मेरिन


पेपरमिंट हिल
१७ जून

ती. स्व. थेल्माताईस,
एवर्टचा नमस्कार.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पोर तुला सगळं कळवते, त्यामुळे माझं काम वाचतं. पण ती काही गोष्टी कळवणार नाही, कारण तिला त्या दिसत नाहीत.

करवत हल्ली ती चालवते. फार हळू कापते. दर वेळी सुरू करण्याआधी सगळं तपासते, जणू रात्रीतून कुणी दाते उलटे लावून गेलंय. मी मोठ्याने हसतो. ती तपासतेच. विजारीचं माप बरोबर निघालं. दुकानात तू काय केलंस ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ताई.

मी गप्प आहे म्हणून तिला वाटतं मी रागावलोय. रागावलेलो नाही. त्या दिवशी ती शेंड्याकडून वळसा घालून आली. माणसाची बोटं साखळीवर दिसत असताना कुणी सावकाश चालत येईल का? माझ्याच्याने झालं नसतं. मी धावलो असतो आणि त्या माणसाची बोटं गेली असती. हे मी तिला सांगणार होतो. जमलं की सांगेन.

मी समोर उभा राहतो. दर कापाआधी ती मान वर करते, माझ्याकडे बघते, मी मान हलवतो, मग ती कापते. मी नको म्हणेपर्यंत ती थांबणार नाही, तिची आई लॉर्ना अशीच होती. काल दुपारी तिने मान वर केली आणि मी मान हलवली नाही. ती थांबली. पुन्हा बघितलं. मी तसाच उभा. शेवटी तिने करवत खाली ठेवली, बॅटरी काढून खिशात घातली आणि खोडावर बसली. झाडात काय दोष दिसला, असं हाताने विचारलं.

झाडात काही दोष नव्हता. तिचे हात थरथरत होते.

मी झाडाभोवती एक सावकाश चक्कर मारली, दोष शोधल्यासारखी. परत आलो तेव्हा ती बसल्या बसल्या झोपली होती. मी तिला उठवलं नाही; लाकूड कमी पडलं तर पडू दे.

जिना सांभाळून चढ. तुझा लोभ या घरावर आहेच, थोडा तिच्या बाजूला जास्त सरकव.

तुझा
एवर्ट