एका चुलीवरचे

११ जाने. १९६९
लेबर ऑफिसरांनी गिरणीच्या दवाखान्याचे इंग्रजी नियम हातात दिले. फाटकाजवळच्या फळ्यासाठी मराठी करायचेत. औषधपाणी फुकट, कामगाराला आणि त्याच्या 'फॅमिली'ला. तिथेच अडलो. कुटुंब लिहावं तर जुनी माणसं नुसती बायको समजतात. परिवार लिहावं तर कोण आत, कोण बाहेर, कळत नाही.
थोरल्या बहिणीच्या, बाईच्या, खोकल्यात परत रक्त. सीताबर्डीच्या डॉक्टरनं क्षय सांगितला, इंजेक्शनं आपल्या आवाक्यातली नाहीत. विधवा थोरली बहीण फॅमिलीत येते का? साहेबांना विचारायची हिंमत होत नाही. नाही म्हणाले तर?

१२ जाने.
सुचलं! लग्नाचं चूलबंद आवतण आलं की घरातलं झाडून सगळं माणूस जेवायला जातं. लिहिलं : 'एका चुलीवर जेवणारी सर्व माणसं.' ले.ऑ. हसले, पण मान्य केलं. दवाखान्याच्या यादीत पहिलं नाव बाईचं दिलं. साचेखात्यात माग चालवणारे नामदेवराव पाठीवर थाप मारून म्हणाले, "माह्या मायची सोय केली गा तुनं." दिवसभर हवेत होतो.

२० जाने.
नावं फार आली. कोणी मावससासू घातली, कोणी चक्क भाडेकरू. आता ले.ऑ. घरोघर चुली पाहणार. "सुरुवात तुमच्यापासून."
बाईची सिगडी दिवाळीपासून परसात आहे. बायकोनं, सुमननं, मांडून दिली, बाळाला लागण होऊ नये म्हणून. मी तेव्हा गप्प बसलो. आज तिला म्हटलं, बाईला घरात जेवू दे.
"देते. अन् आपल्या पोराले लागलं तं?"
सिगडी परसातच राहिली.

२२ जाने.
साहेब आले. सुमननं सिगडी पोत्यामागे सारली होती. चहा झाला. निभावलं असं वाटत होतं, तेवढ्यात त्यांनी बाईलाच विचारलं, जेवता कुठे? तिला वाटलं, साहेबांना बाळाची काळजी.
"घाबरू नका साहेब. माही चूल अलग आहे. लेकराले जवळ येऊ देत नाही मी."
साहेब उठले. दारात हळूच म्हणाले, "व्याख्या तुमचीच होती."
बाई विचारते, साहेब काहून गेले लवकर?

२३ जाने.
फळा रंगवून झाला. नामदेवरावांची माय इंजेक्शन घेऊन गेली, जाताना मला आशीर्वाद देऊन. हातमाग ओढून ओढून जिनं मला शिकवलं, तिचं नाव खोडलेलं. स्वतःची शिसारी येते. साहेबांकडे परत जावं. काय म्हणून जाऊ पण

२४ जाने.
संध्याकाळी ताट घेऊन परसात गेलो, बाईच्या सिगडीपाशी बसलो. म्हटलं, वाढ. तिनं भाजीवर झाकण ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.
"आत जा गा. तुह्या घरचे वाट पाहून राहिले."
मी उठलो नाही. तिनं झाकण काढलं नाही.